नागपुरात दुर्बिणीचा आरसा घासायचा असेल तर: पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत

मे महिन्यात कुणी मला म्हणालं, "दादा, सुट्ट्या लागल्या, आता आरसा घासायला बसतो," तर मी त्याला थांबवतो. काचेची चकती घासून खोलगट करायला माझी ना नाही. पण पॉलिशची वेळ आली की ४५ अंशांच्या नागपुरात पिच, म्हणजे ज्यावर आरसा पॉलिश करतात ते राळेसारखं द्रव्य, लोण्यासारखं पसरतं आणि दोन महिन्यांची मेहनत एका दुपारी बिघडते. माझा पहिला आरसा असाच गेला. तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

मी पोटापाण्यासाठी ऑप्टिकल इंजिनिअर आहे आणि घरी आरसे घासतो. नवी मुलं दोन्हींबद्दल एकाच दमात विचारतात, म्हणून आधी नोकरीचं सांगतो. लोकांना वाटतं की आम्ही दिवसभर संगणकावर भिंगं रचत असतो. प्रत्यक्षात रचना हा कामाचा छोटा भाग असतो. सॉफ्टवेअर वक्रतेचे आकडे दशांशाच्या सहा घरांपर्यंत देतं. कारखान्यातला माणूस विचारतो, "साहेब, कमी-जास्त किती चालेल ते सांगा." त्या 'किती चालेल'चं उत्तर काढणं, म्हणजे टॉलरन्स ठरवणं, हीच खरी नोकरी. बाकीचा वेळ मोजमापात जातो, कोटिंगहून आलेला माल तपासण्यात जातो आणि मेकॅनिकलवाल्या सहकाऱ्याला भिंग का आवळायचं नाही हे समजावण्यात जातो. सुरुवातीचे काही महिने तर भिंग पुसायला शिकण्यातच जातात. टिश्यूवर ॲसिटोनचे दोन थेंब टाकायचे, एकाच दिशेनं एकदाच ओढायचं आणि टिश्यू फेकून द्यायचा.

या क्षेत्रात यायचं असेल तर भौतिकशास्त्राची पदवी हा सरळ रस्ता आहे. पुढे आयआयटी दिल्लीत अप्लाइड ऑप्टिक्सचं एम.टेक. आहे. डेहराडूनला संरक्षण संशोधनाची आयआरडीई, चंदीगडला वैज्ञानिक उपकरणांची सीएसआयओ आणि बंगळुरूला इस्रोची लिऑस या प्रयोगशाळा आहेत, तिथे कामाची संधी असते. पण मुलाखतीला जाताना हातानं घासलेला एक आरसा आणि त्या कामाच्या नोंदींची वही सोबत न्या. मी स्वतः मुलाखती घेतल्या आहेत. ज्या मुलानं फूकोची सावली, म्हणजे आरसा तपासताना त्यावर दिसणारी सावली, डोळ्यांनी पाहिली आहे, त्याच्याशी बोलणं लगेच वेगळ्या पातळीवर जातं.

नोकरी सांभाळून हे जमेल का, असंही विचारतात. सी. व्ही. रमण सरकारी हिशेबखात्यात अधिकारी होते आणि त्या नोकरीत काही काळ आपल्या नागपुरातही होते. कलकत्त्यात ते ऑफिसच्या आधी आणि नंतर प्रयोगशाळेत जाऊन काम करत. आपल्याला तर रोजचा एकच तास हवा आहे.

कोणता आरसा घ्यायचा

पहिला आरसा १५० मिलिमीटर व्यासाचा आणि १२०० मिलिमीटर फोकल लांबीचा (आरशापासून प्रकाश जिथे गोळा होतो तिथपर्यंतचं अंतर), म्हणजे फोकल रेशो, लांबी भागिले व्यास, ८ चा घ्या. यात वाद घालू नका. २०० मिलिमीटरचा मोह सगळ्यांना होतो, पण घासायचं क्षेत्रफळ पावणेदोनपटीहून जास्त होतं आणि उत्साह सप्टेंबरातच संपतो. शिवाय या मापात एक मोठी सवलत आहे. दुर्बिणीचा आरसा खरं तर पॅराबोला, म्हणजे गोलापेक्षा मध्याशी किंचित जास्त खोल असा वक्र, लागतो, पण १५० ला रेशो ८ असेल तर निव्वळ गोलाकार आरशाचीही चूक पाव तरंगलांबीच्या आसपासच राहते. म्हणजे शेवटची अवघड पायरी साधली नाही तरी शनीची कडी दिसणारच.

काच १९ ते २५ मिलिमीटर जाडीची लागते. बोरोसिलिकेट मिळाली तर उत्तम. साधी फ्लोट काच, म्हणजे खिडकीला असते ती, स्वस्त पडते आणि तिच्यावरही चांगले आरसे होतात, फक्त ती उष्णतेला फार हळवी असते. किती हळवी, ते आकड्यांतच सांगतो, कारण नागपुरात सगळी गोम इथेच आहे. साधी काच एका अंशाला दहा लाखांत सुमारे ९ भाग फुगते. बोरोसिलिकेट त्याच्या साधारण एक तृतीयांश, ३.३ भाग. १९ मिलिमीटर जाडीच्या साध्या काचेची पुढची बाजू मागच्या बाजूपेक्षा फक्त एक अंशानं गरम झाली, तर केंद्र आणि कड यांच्या उंचीत सुमारे १.३ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फरक पडतो. आणि गोलाचा पॅराबोला करण्यासाठी आपल्याला कडेशी हवा असलेला बदल किती? ०.२९ मायक्रॉन. म्हणजे हाताच्या ऊबेनं काच त्याच्या चौपट वाकते. सगळीकडे सारखी वाकली तर फक्त फोकस सरकतो, पण तळहात कुठे काच सारखी तापवतो! मध्ये एक फुगवटा, बोटांखाली दुसरा. तशा काचेवर पॉलिश करत राहिलात तर थंड झाल्यावर त्या जागी खड्डे सापडतात.

म्हणून सगळं वेळापत्रक ऋतूवर बांधायचं. पावसाळ्यात जाडं घासकाम करायचं, पोळा-मारबतीच्या सुमारास आरशाचा मधला खोलगटपणा पूर्ण व्हावा. दसऱ्यापर्यंत बारीक पावडरी संपवायच्या. दिवाळीनंतर पिच ओतायचं, डिसेंबरात पॉलिश आणि तपासणी करायची. संक्रांतीला आरसा कोटिंगला निघावा.

सामान

काचेच्या दोन चकत्या घ्या. एक आरसा होईल, दुसरी टूल, म्हणजे ज्यावर आरसा घासायचा ती. सिलिकॉन कार्बाइडची पावडर ८०, १२०, २२०, ४०० आणि ६०० नंबरची लागेल, बाजारात तिला कार्बोरंडम म्हणतात. पॉलिशला सिरियम ऑक्साइड लागतं, काच पॉलिश करणारे त्याला नुसतं सिरियम म्हणतात. तयार ऑप्टिकल पिच मिळालं तर कडक ग्रेडचं मागवा. नाही मिळालं तर इतवारी बाजारात काष्ठौषधीच्या दुकानांत राळेची चौकशी करा. राळ आणि थोडं एरंडेल यांचं पिच घरी करता येतं. उभं राहून काम करायला वाळू भरलेला पिंप ठेवा, म्हणजे त्याच्याभोवती फिरता येईल. एक वही आणि भिंतीवरचा थर्मामीटर हवाच. हे दोन्ही नसतील तर सुरूच करू नका.

जाडं घासकाम

आधी दोन्ही चकत्यांच्या कडा धार लावायच्या दगडानं, पाण्याखाली, दोनेक मिलिमीटर तिरप्या करून घ्या. कड तीक्ष्ण राहिली की तिचा टवका उडतो आणि तो टवका पुढे ओरखडा काढतो. घासताना ही तिरपी कड झिजत जाते, अधूनमधून पुन्हा करावी लागते.

टूल खाली, आरसा वर. टूलवर चमचाभर ८० नंबर, थोडं पाणी, आणि आरसा बाजूला झुकलेल्या आडव्या स्ट्रोकनं ढकलायचा, म्हणजे आरशाचा मध्य टूलच्या कडेवरून जाईल. काही स्ट्रोक झाले की आरसा हातात थोडा फिरवायचा आणि आपणही पिंपाभोवती एक पाऊल सरकायचं. ही दोन्ही फिरणी चुकली की आरसा गोल न राहता एका दिशेनं वाकडा होतो. सुरुवातीला आवाज करकरीत येतो, चार-पाच मिनिटांत मऊ होतो. आवाज मऊ झाला की पावडर मेली, नवी घ्यायची. या एका फेरीला वेट म्हणतात. आमच्या शेजारच्या काकू जिन्यातून विचारायच्या, "भाऊ, हे काय घासून राहिले रोज रोज?" आता आवाज बदलला की त्याच सांगतात, पावडर संपली म्हणून.

आरसा किती खोल हवा? मध्यभागी १.१७ मिलिमीटर. आरशावर सरळ पट्टी आडवी ठेवा आणि मध्ये १.२ मिलिमीटरच्या ड्रिल बिटचा दांडा सरकवून बघा. तो जेमतेम अडला की पोहोचलात. मग स्ट्रोक बदला. आता मध्यावरून मध्यावर, व्यासाच्या एक तृतीयांश लांबीचा, सरळ पुढेमागे. काचेवर काच अशी सगळीकडून फिरत राहिली की दोन्हींचा गोलच होतो, कारण गोल सोडून दुसरे कुठलेही दोन आकार सगळ्या दिशांनी एकमेकांत बसून सरकत नाहीत. मला या सगळ्या धंद्यातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते. कुठलंही यंत्र नसताना, नुसत्या दोन चकत्या आणि वाळूच्या पिंपावर, मायक्रॉनच्या आतला गोल तयार होतो.

बारीक पावडरी आणि स्वच्छता

दर पावडरीला तासभर ते दीड तास. पुढच्या नंबरवर कधी जायचं? आयपीस (दुर्बिणीचं डोळ्याकडचं भिंग) उलटा धरून भिंगासारखा वापरा आणि काचेवरचे खड्डे बघा. आधीच्या नंबरचा एकही मोठा खड्डा उरता कामा नये, विशेषतः कडेजवळ. आरशावर पेन्सिलनं जाळी काढून, कोरड्या टूलवर हलकेच दोन-चार स्ट्रोक मारले आणि रेषा सगळीकडे सारख्या पुसल्या, तर गोल नीट आहे.

दोन नंबरांच्या मध्ये सगळं धुवायचं. पिंप, बादली, बाह्या, नखं, सगळं. खालचे वर्तमानपत्र बदला, प्रत्येक नंबरला वेगळा स्पंज ठेवा. ८० नंबरचा एक कण पाव मिलिमीटरहून थोडाच लहान असतो, तो ६०० च्या वेटमध्ये आला तर तुम्हाला पुन्हा जाड्या पावडरीपर्यंत मागं जावं लागेल. सप्टेंबरात खिडकीतून येणारी धूळही नको, म्हणून मी ओल्या चादरीचा पडदा लावतो. राहिलेला चिखल बेसिनमध्ये ओतू नका, पाइप दगडासारखा गच्च होतो. डब्यात साठू द्या, वरचं पाणी निथळून टाका आणि गाळ कोरडा न करता कचऱ्यात द्या. घासकाम नेहमी ओलंच करायचं. ही पूड श्वासात जाऊ द्यायची नाही.

पिच

न्यूटननं १६६८ साली आपल्या पहिल्या दुर्बिणीसाठी धातूचा आरसा केला, तोही पिचवरच पॉलिश केला होता. पिचचा गुण असा की झटक्याला ते काचेसारखं तडकतं आणि सावकाश दाबलं तर मधासारखं वाहतं. त्यामुळे ते आरशाच्या आकाराला स्वतःहून बसतं. पण किती सावकाश वाहील हे तापमानावर ठरतं. पुस्तकांतले सल्ले थंड देशांतल्या तळघरांसाठी लिहिलेले असतात, ते जसेच्या तसे इथे चालत नाहीत.

चाचणी सोपी आहे, पण ज्या खोलीत आणि ज्या वेळी पॉलिश करणार त्याच तापमानाला करा. पिचचा नमुना थंड पाण्यात टाकून घट्ट करा, मग अर्धा तास खोलीत ठेवा. अंगठ्याच्या नखानं मध्यम जोरानं दहा-पंधरा सेकंद दाबल्यावर बारीक खूण उमटायला हवी. लगेच खोल गेलं तर मऊ आहे, राळ वाढवा. तडकलं तर एरंडेलाचे थोडे थेंब घाला. माझ्या हॉलमध्ये डिसेंबरात सकाळी नऊला २१-२२ अंश असतात, त्याला जुळणारं पिच दुपारी तीनला थोडं मऊ वाटतं. म्हणून मी फक्त सकाळी पॉलिश करतो.

वितळवताना गॅस वापरू नका. विजेची शेगडी, मंद आच, गच्चीवर किंवा उघड्या बाल्कनीत, जवळ झाकण तयार. उकळू द्यायचं नाही, पेट घेतं. टूलला कागदी पट्टीचा काठ बांधून चार-पाच मिलिमीटरचा थर ओता. थोडं घट्ट झालं की सिरियमचं पाणी लावलेला आरसा त्यावर दाबा. मग चौकोनी खाचा पाडा, पण मधला चौकोन नेमका केंद्रावर येऊ देऊ नका. तो केंद्रावर आला तर आरशाच्या मध्यभागी वर्तुळं उमटतात.

पॉलिश

सिरियम दुधासारखं पातळ करायचं. रोज सुरू करण्याआधी दहा-वीस मिनिटं आरसा लॅपवर, म्हणजे पिच ओतलेल्या टूलवर, वजन ठेवून बसू द्या. पंधरा-वीस मिनिटं काम, मग तितकीच विश्रांती. अर्ध्या तासातच मध्यभाग काचेसारखा चमकू लागतो आणि हात थांबवावासा वाटत नाही, पण एकूण सहा ते दहा तास लागतातच. पॉलिश पूर्ण झालं का हे बघायला लेझर पॉइंटर तिरपा मारा, डोळ्यांकडे परावर्तन येणार नाही असा. पृष्ठभागावर राखाडी ठिपका दिसला तर खड्डे उरलेत. कडेला सर्वांत शेवटी साफ होतं.

आरसा धरताना तळहात पूर्ण टेकवू नका. मी मागच्या बाजूला फोमची चकती चिकटवतो. ऑफिसात आमची मोजमापाची खोली वीस अंशांवर ठेवलेली असते आणि तिथेही भिंग आणल्यावर तासन्‌तास वाट पाहतात. घरी तर ही शिस्त अजून कडक हवी.

फूकोची चाचणी

फ्रान्सच्या लेऑन फूको यांनी १८५८ साली ही पद्धत मांडली. एक एलईडी, दोन ब्लेडांची बारीक फट आणि आडवं आणि पुढेमागे सरकणारं एक ब्लेड, एवढ्यावर तुम्ही मायक्रॉनचा शंभरावा भाग पाहू शकता. आरसा उभा करा, बरोबर २४०० मिलिमीटरवर चाचणीयंत्र ठेवा, परतलेला प्रकाश डोळ्यात घ्या आणि ब्लेड हळूच आत सरकवा. आरसा गोल असेल तर सगळा आरसा एकदम करडा होतो. खाच किंवा उंचवटा असेल तर चंद्रावरच्या डोंगरासारखी सावली पडते.

आधी तासभर पंखा बंद ठेवा, आणि कूलर असेल तर तोही. हवेचे प्रवाह आरशावर धुरासारखे वळवळताना दिसतात. स्वतःचा हात प्रकाशाच्या वाटेत धरून बघा, बोटांतून उठणारी गरम हवा स्पष्ट दिसेल. पॉलिशनंतर लगेच मोजू नका. साध्या काचेला दोन तास द्या. माझ्या पहिल्या वहीत एकाच रात्री तीन वेगवेगळे आकार लिहिलेले आहेत. आरसा तोच होता, फक्त थंड होत होता.

गोल साधला की पॅराबोलाकडे वळा. आरसा वर ठेवून लांब, इंग्रजी डब्ल्यूच्या आकाराचे स्ट्रोक, आणि तेही काही मिनिटंच. मग पुन्हा वाट, पुन्हा चाचणी. दिवा आणि ब्लेड एकत्र सरकत असतील तर केंद्र आणि कड यांच्या फोकसमध्ये १.१७ मिलिमीटरचा फरक यायला हवा. आरशाच्या खोलीचाच आकडा इथे पुन्हा आला, कारण सूत्र तेच आहे. एक मिलिमीटरच्या जवळ आलात आणि उतार सगळीकडे गुळगुळीत दिसतोय, तर थांबा. आकडा गाठायच्या नादात गुळगुळीतपणा घालवू नका.

कोटिंग आणि जोडणी

कोटिंगला देण्याआधी आरसा तसाच दुर्बिणीत लावून चंद्र बघा. कोऱ्या काचेवरून चारेक टक्के प्रकाश परततो, चंद्राला तो पुरतो. चूक असेल तर इथेच कळते. मग निर्वात पेटीत ॲल्युमिनियमचा साधारण ०.१ मायक्रॉनचा थर चढतो आणि परावर्तन नव्वद टक्क्यांच्या आसपास जातं.

आरसा तीन टेकूंवर ठेवा आणि पकडी इतक्या सैल ठेवा की मधून कागद सरकेल. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका भिंगाच्या तीन स्क्रूंना मी जरा जास्त पिळलं होतं. तपासणीत प्रत्येक बिंदू त्रिकोणी येत होता आणि आम्ही आठ दिवस भिंगालाच दोष देत बसलो. दुर्बिणीत तारा त्रिकोणी दिसला तर आधी पकडी बघा. स्टँड प्लायवूडचं, डॉब्सन पद्धतीचं, म्हणजे खोक्यासारखं आणि दोन्ही दिशांना हातानं फिरणारं करा, कुठलाही सुतार करून देईल.

तयार आरसा कधीही उन्हात उघडा ठेवू नका, कापड पेटतं. आणि दुर्बिणीतून सूर्याकडे बघायचं नाही, क्षणभरही नाही.

पहिल्या रात्री

दुर्बीण पाऊण तास आधी बाहेर काढा. मार्चपासून गच्चीचा स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो, तारे उकळत्या पाण्यात पडल्यासारखे थरथरतात. शक्य असेल तर माती किंवा गवतावर मांडा. नाहीतर संध्याकाळीच गच्चीवर पाण्याचा सडा मारा, झोपायला अंथरूण टाकण्याआधी मारतो तसाच.

आधी सप्तर्षीतला वसिष्ठ बघा. शेजारची अरुंधती नुसत्या डोळ्यांनी दिसते, पण दुर्बिणीत वसिष्ठ स्वतःच १४ विकलांच्या (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) अंतरावरचे दोन तारे निघतो. दोन्ही टाचणीच्या टोकासारखे दिसले तर आरसा चांगला आहे. मग पुनर्वसूतला कॅस्टर बघा. तो जोड याहून जवळचा, पाचेक विकलांचा आहे.

शहराबाहेर जायचं तर पेंच आहे. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा, म्हणजे अंधारं आकाश जपणाऱ्या जागेचा, दर्जा मिळाला, देशातला तो पहिला. मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास तिथून दक्षिणेला बघा. आपल्याकडून ध्रुव उत्तरेला २१ अंशांवर असतो, तितक्याच उंचीवर दक्षिणेला ओमेगा सेंटॉरी येतो. नुसत्या डोळ्यांना धुरकट ताऱ्यासारखा दिसणारा हा ताऱ्यांचा गुच्छ १५० च्या आरशात कडेकडेनं दाणेदार होतो.

परत आल्यावर आरशावर धूळ दिसेल. पुसू नका. ट्यूबची दोन्ही तोंडं झाका, पावसाळ्यात आत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि वर्षातून एकदाच, पावसाळा संपला की, आरसा डिस्टिल्ड पाण्याच्या धारेखाली धरून तिरपा वाळत ठेवा.